नखाएवढा उशीर

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख मागायला संपादक घरी आले, तेव्हा मी आंघोळीला गेलो होतो. त्यांनी बायकोला विचारलं, "वहिनी, भाऊसाहेब नक्की काय करायचे हो?" ती म्हणाली, "चिपमधली ट्रॅफिक सांभाळायचे." संपादकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "अच्छा, म्हणजे आरटीओत होते." मी टॉवेल गुंडाळून बाहेर येईपर्यंत माझ्या लेखाला परिवहन खात्याचं शीर्षकही देऊन झालं होतं.

आरटीओत असतो तर लोकांनी ओळख तरी ठेवली असती.

मी आधीची वर्षं सरकारी कारखान्याच्या कुठल्या खात्यात, कुठल्या ग्रेडवर काढली, ते सगळं पेन्शनच्या कागदांवर आहे. ज्याला झोप येत नसेल त्याने इथे भोपाळला, आनंद नगरात माझ्या घरी येऊन वाचावं, चहा मिळेल. इथे लिहितो आहे ते शेवटच्या नोकरीबद्दल, आणि त्यातही खरं म्हणजे एका आठवड्याबद्दल. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर अयोध्या नगरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर चिप डिझाइनचं एक छोटं ऑफिस होतं, तिथे मी लागलो. खाली मुलं घसा ताणून बेडकाची पचनसंस्था पाठ करायची आणि वर आम्ही तेरा जण चिपचे नकाशे काढायचो. चिप भोपाळात बनत नाही. ती परदेशात बनून येते, आम्ही फक्त नकाशा पाठवतो. एकदा नकाशा गेला की चूक खोडरबरने पुसता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता धंदा समजून घ्या. घाबरू नका, मलाही तो उशिराच समजला.

आजची एक चिप म्हणजे एक वसाहत असते. एका घरात हिशेब करणारा प्रोसेसर, दुसऱ्यात कॅमेऱ्याचं काम बघणारा, तिसऱ्यात मेमरी, चौथ्यात पडद्यावर चित्र काढणारा. ही घरं दिवसभर एकमेकांना संदेश पाठवतात. पूर्वी सगळ्यांना मिळून एकच रस्ता असे. घरं वाढली तसे आडवे-उभे रस्ते आले, चौक आले. चौकात उभा असतो तो राउटर. कुठला संदेश आधी सोडायचा, कुठला थांबवायचा, ते तो ठरवतो. या रस्त्यांवर कोंडी होऊ नये आणि महत्त्वाचा संदेश ठरलेल्या वेळेत पोचावा, हे बघायचं माझं काम.

कोंडी होते कशी? माझ्या मुलीच्या लग्नाचं सांगतो. जेवायला चारशे माणसं आणि वेळ साडेपाच तासांची. सरासरी काढली तर मिनिटाला सव्वा पाहुणा. मी इंजिनिअर माणूस, केटररला म्हणालो, मिनिटाला दोन ताटांची सोय ठेवा, भरपूर झालं. साडेआठला बँड थांबला आणि चारशेच्या चारशे एकदम ताटांवर आले. जावयाच्या आत्याबाई शेवटी आइस्क्रीमच्या कपात वरणभात जेवल्या. सरासरी अगदी बरोबर होती. आत्याबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

यावर उपाय आहे आणि तो मुळात केटररलोकांचाच आहे, आम्ही फक्त त्याला रेग्युलेटर म्हणतो. दारावर एक माणूस ताटं घेऊन बसवायचा. त्याच्याजवळ एका वेळी जास्तीत जास्त वीस ताटं. संपली की धुतलेली ताटं मिनिटाला दोन या बेताने येणार. ताट नाही तर आत प्रवेश नाही. एवढं केलं की कुठल्याही दहा मिनिटांत आत किती माणसं घुसू शकतील, हे आधी सांगता येतं: वीस अधिक वीस, चाळीस. त्याहून एक जास्त नाही, मग बाहेर बँड थांबो नाहीतर पाऊस येवो. चिपमधल्या प्रत्येक घराच्या दारावर असा माणूस बसवला की कागदावर गणित करून छातीठोक सांगता येतं, की अमुक संदेशाला वाईटात वाईट एवढाच उशीर होईल. याला आम्ही उशिराची मर्यादा म्हणतो. ही मर्यादा कुणी पाहिलेली नसते. ती सिद्ध करायची असते.

हे सगळं मला तेव्हाही येत होतं. परीक्षेला विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मिळवले असते. पण ऑफिसात परीक्षा नसते, स्लाइड असतात.

गिऱ्हाइकांचे नमुने तर काय सांगावेत! एकाने लिहून पाठवलं होतं की उशीर शून्य हवा. मी फोनवर म्हटलं, "अहो, वीज तारेतून जायलासुद्धा वेळ लागतो." तो म्हणाला, "तो तुमचा विषय आहे." दुसऱ्याला आम्ही एक तक्ता भरायला दिला: चिपमधल्या अकरा घरांपैकी कुणाचे संदेश किती तातडीचे. त्याने अकराच्या अकरा रकान्यांत 'अत्यंत तातडीचे' भरलं. त्यात कोपऱ्यात घड्याळ दाखवणारं एक घर होतं, तेही अत्यंत तातडीचं. मी विचारलं, तर म्हणाला, "साब, टाइम तो सबसे इंपॉर्टंट है।" आमचे मॅनेजर सक्सेना साहेब अशा गिऱ्हाइकांना 'दूरदृष्टीचे' म्हणत. ते स्वतः कुठलाही आकडा वाचण्याआधी त्याचा रंग बघायचे. हिरवा असला की पुढची स्लाइड.

आणि मी? मी त्यांना हिरवे आकडे पुरवायचो. कंप्युटरवर चिपचा नकाशा चालवून बघायचा, कोट्यवधी लुटुपुटीचे संदेश सोडायचे, त्यात सर्वांत जास्त उशीर झालेला पाहायचा आणि त्यात दहा टक्के वाढवून 'वाईटात वाईट' म्हणून लिहून टाकायचं. या दहा टक्क्यांना मी 'देवाचे दहा टक्के' म्हणायचो. हा शब्द ऑफिसात इतका रुजला की नवी माणसं विचारत, "सर, देवाचे मिळवून की न मिळवता?" मला या शब्दाचा अभिमान होता. एखाद्याला स्वतःच्या ढेरीचा असतो तसा.

तर ते काम आलं एका मशीन बनवणाऱ्या कंपनीकडून. पत्रा दाबून त्याचे भाग काढणारे मोठे प्रेस असतात. वरून एक जड ठोकळा, त्यालाच दाब म्हणतात, खाली येतो आणि पत्र्याची वाटी होते. मध्ये हात असेल तर हाताची होते. म्हणून प्रेसच्या तोंडाशी उजेडाचा एक पडदा असतो, कारखान्यात त्याला लाइट कर्टन म्हणतात. एका खांबातून दुसऱ्या खांबाकडे न दिसणारे किरण जातात. हात मध्ये आला, किरण तुटला, की प्रेस थांबला. आजवर यासाठी एक वेगळी तार आणि एक वेगळा रिले असायचा. दुसरं काही काम नाही, फक्त थांबवणं. बावळट आणि विश्वासू. कंपनीला तो नको होता. पत्रा तपासणारा कॅमेरा, मोटर, पडदा, सगळं एका चिपमध्ये आणि 'थांब' हा संदेशही त्याच चिपमधल्या रस्त्यांवरून.

"होईल का?" त्यांनी विचारलं.

"का नाही होणार?" मी म्हणालो. मी कधीच नाही म्हणायचो नाही. नाही म्हणणाऱ्याला स्लाइड करायला मिळत नाहीत.

'थांब' या संदेशाला चिपमधून जायला दोन मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागता कामा नये, अशी अट होती. उजेडाचा पडदा प्रेसपासून किती लांब लावायचा, ते या आकड्यावरूनच ठरतं. आकडा चुकून दहाने वाढला, तर तेवढ्या वेळात हात एका नखाएवढा पुढे सरकतो. नखाएवढाच ना, असं ज्याला वाटेल त्याने आपलं नख बघावं आणि मग ठरवावं कुठलं द्यायचं.

मी 'थांब'ला सगळ्यात वरचा क्रम दिला. प्रत्येक चौकात तो आला की बाकीचे बाजूला. ॲम्ब्युलन्ससारखा. लुटुपुटीचे संदेश चालवले. सर्वांत वाईट उशीर दोनच्या पुष्कळ आत. देवाचे दहा टक्के मिळवूनही आत. स्लाइड हिरवीगार.

त्या बैठकीत अनघा होती. नागपूरचं सरकारी ऑफिस भोपाळला हललं, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या एका कुटुंबातली मुलगी, आमच्याकडे तपासणीचं काम करायची. तिचे वडील मंडळात माझ्याबरोबर कॅरम खेळत, म्हणून एरवी ती मला काका म्हणायची आणि ऑफिसात सर.

"सर, हे जास्तीत जास्त म्हणजे तुम्ही पाहिलेलं जास्तीत जास्त ना?" तिने विचारलं.

"मग न पाहिलेलं कुठून आणू?" मी म्हणालो.

सगळे हसले. सक्सेना साहेब सगळ्यांच्या नंतर हसले, कारण त्यांना मराठीचं हिंदी करून सांगावं लागलं. ती खाली बसली. मला फार बरं वाटलं. त्याच दिवशी मी गिऱ्हाइकाला पत्र लिहिलं, की चाचणीत जुना रिले काढून टाकायला हरकत नाही आणि पडदा थोडा जवळ घेतला तरी चालेल. खाली माझी सही.

चाचणी भोपाळातच होती, आमच्या ऑफिसापासून स्कूटरने वीस मिनिटांवर, एका पत्रा कारखान्यात. चिप अजून बनायची होती. तिच्यासारखं वागणारा एक बोर्ड प्रेसवर बसवला होता. बोर्डने महिनाभर नीट काम केलं की नकाशा परदेशी जाणार. प्रेसवर बाबूलाल नावाचा ऑपरेटर होता. माझ्याच वयाचा, पण माझ्यापेक्षा ताठ. सोमवारी सकाळी बोर्ड बसवून झाल्यावर मी विचारलं, रोज पडदा कशाने तपासता, तपासणीच्या काठीने?

"छड़ी तो दुकान की है, साब," बाबूलाल म्हणाला. "अंदर जाना है हाथ को, तो पूछेगा भी हाथ ही।"

त्या कारखान्याची ही पद्धतच होती. पाळी सुरू होताना ऑपरेटर स्वतःचा हात पडद्यात घालून बघायचा. प्रेस थांबला तर काम सुरू. काठीच वापरायची, हा पुस्तकातला नियम मी सांगितला, तर फोरमन म्हणाला, "बीस साल से ऐसे ही चल रहा है।" बाबूलालने हात घातला. प्रेस जागच्या जागी थांबला. मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. आठवलं की अजून तळहाताला घाम येतो.

मंगळवारी सकाळी अनघा वहीची चार पानं घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"सर, मी हाताने गणित केलं. कॅमेऱ्याच्या दारावर रेग्युलेटर नाहीये. तो किती पण मोठं चित्र एकदम सोडू शकतो. 'थांब'ची मर्यादा अकरा येते आहे."

"अकरा काय?"

"मिलिसेकंद. दोन नाही, अकरा."

"अगं, 'थांब'ला वरचा क्रम आहे. ॲम्ब्युलन्स आहे ती!"

"सर, ॲम्ब्युलन्स आहे, पण समोर बारात आहे ना."

तिचं म्हणणं असं. चिपमध्ये लांब संदेश हा एक जीव असतो. त्याचं डोकं पुढच्या चौकात, शेपूट तीन चौक मागे. एकदा निघाला की मध्ये तोडता येत नाही. जवाहर चौकात बारात अडते, ती डोळ्यापुढे आणा. पुढे हॉलच्या फाटकात नवऱ्याचे मामा नाचतायत, ते हलत नाहीत. म्हणून बँड हलत नाही, म्हणून घोडी हलत नाही, आणि सगळा चौक भरून ज्या बायका उभ्या आहेत त्या कुठे जाणार? मागे ॲम्ब्युलन्स कितीही कोकलू दे. हवालदार तिला पहिला नंबर द्यायला तयार आहे. पण पहिला नंबर पुढच्या वेळच्या निवडीत. आत्ता रस्त्यात जे आहे ते आहे. आमच्या चिपमध्ये कॅमेऱ्याचं चित्र ही बारात होती आणि मेमरीचं फाटक बंद असलं की ती तीन चौक अडवून उभी राहायची.

मला हे त्याच क्षणी समजलं. हे लिहिताना हात अडखळतो, पण समजलं.

आणि मी म्हणालो, "कागदावर काहीही येतं. इतकी मोठी चित्रं आणि 'थांब', दोन्ही एकाच वेळी? मी सहा कोटी संदेश चालवले, एकदाही नाही झालं."

"एकदाही नाही झालं म्हणजे होणार नाही असं थोडीच आहे, काका?"

काका. ऑफिसात. मी चष्मा काढून पुसला आणि तिला 'जरा सविस्तर टिपण' करायला सांगितलं. ज्याला उत्तर द्यायचं नाही त्याला टिपण करायला सांगावं, हे मी सरकारी कारखान्यात शिकलो होतो.

बुधवारी मी सक्सेना साहेबांकडे गेलो. वाटलं, हळूच सांगावं. त्यांनी विचारलं, "स्लाइड का रंग बदलना पड़ेगा क्या?" मी म्हटलं, "नहीं, नहीं, बस थोड़ा डबल चेक।" "फिर ठीक है," ते म्हणाले आणि फोनकडे वळले. त्यांना दोष देत नाही. ते रंगांधळे असते तरी सुखी असते. मला मात्र रंग दिसत होता.

गुरुवारी दिवसभर मी अनघाच्या गणितात चूक शोधली. चार पानं मी सतरा वेळा वाचली असतील. एका ठिकाणी तिने एक कंस बंद केला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी कॅन्टीनमधून समोसा मागवला. कंस बंद केला. उत्तर अकराच आलं. समोसा मात्र खाल्ला.

हे तीन दिवस बाबूलाल प्रेसवर होता. जुना रिले काढलेला, पडदा जवळ घेतलेला. एक फोन पुरेसा होता. माझ्या टेबलावर फोन होता, तो चालू होता आणि त्यावर मी गुरुवारी बायकोशी भाजी काय आणू यावर चांगलं लांबलचक बोललो.

शुक्रवारी मी कारखान्यात गेलो. लोकांना वाटेल शेवटी सद्बुद्धी झाली. छे! मी गेलो पुरावा आणायला. बोर्डवर एक मोजणारं साधन होतं, 'थांब'ला आजवर झालेला सर्वांत मोठा उशीर ते साठवून ठेवायचं. माझा बेत असा की सोमवारपासूनचा आकडा काढायचा आणि अनघाच्या टेबलावर ठेवायचा. प्रत्यक्ष मशीनचा पुरावा. मग बोल म्हणावं.

लॅपटॉप जोडला. आकडा दोनच्या आत, हिरवा. मी मनात शीळ घातली. निघायच्या आधी सहज बाबूलालजवळ उभा राहिलो.

"कॅमेरा काम का है, साब," तो म्हणाला. "शीट टेढ़ी फँसी नहीं कि खट से बड़ा-बड़ा फोटो दिखाता है, किधर फँसी।"

"बड़ा फोटो? हमेशा?"

"हमेशा काहे को? जब फँसे तभी। पहले छोटा, फँसा तो बड़ा। सोमवार से अभी तक ढंग से फँसी ही नहीं, माल अच्छा आया है। आज वाला देखो, सब लहरिया।"

आणि तेवढ्यात पत्रा अडकला. कॅमेऱ्याने ओळखलं, स्क्रीनवर भराभर मोठी चित्रं यायला लागली. आणि बाबूलालने, पत्रा अडकल्यावर कुठलाही ऑपरेटर जे करतो ते केलं: तो काढायला हात आत घातला.

माझ्या सहा कोटी संदेशांत कॅमेरा आपल्या लहरीने बोलायचा आणि 'थांब' आपल्या लहरीने. कुणाचा कुणाशी संबंध नाही, जणू दोघं वेगवेगळ्या गावी राहतात. मी तसंच लिहिलं होतं, कारण तसं लिहायला सोपं. प्रत्यक्षात मोठी चित्रं निघायची तेव्हाच हात आत जायचा. बँड थांबला की चारशे माणसं का येतात, हे ज्याने स्वतःच्या मुलीच्या लग्नात पाहिलं होतं, त्याला हे सुचलं नाही. आणि रोज सकाळची ती हाताची तपासणी? तेव्हा पत्रा नसायचा, चित्र नसायचं, रस्ते रिकामे. ती रोज पास व्हायची.

प्रेस थांबला. दाब त्या वेळी वर होता, म्हणून उशिराने थांबला तरी कुणाला कळलं नाही. बाबूलालने वाकडा पत्रा बाहेर ओढला, माझ्यापुढे धरला, म्हणाला, "ये देखिए, जलेबी।"

मी लॅपटॉप बघत होतो. आकडा बदलला होता. नऊ.

अनघा म्हणाली होती अकराच्या वर जाणार नाही. नव्हता गेला.

मी ओरडलो, "बंद करो!" माझा आवाज इतका चिरका निघाला की फोरमन धावत आला. त्याला वाटलं मलाच काही झालं. मी म्हटलं प्रेस थांबवा, जुना रिले लावा, पडदा मागे घ्या. तो म्हणाला, "साब, पिछले हफ्ते आपने ही लिखकर दिया था कि हटा दो।"

"अब लिखकर दे रहा हूँ कि लगा दो।"

"कारण क्या लिखें?"

पाळीच्या वहीत कारणाचा रकाना असतो. फार छोटा असतो, मोठी कारणं त्यात बसत नाहीत. मी लिहिलं: 'दिया हुआ आँकड़ा गलत है।' फोरमनने वाचलं आणि म्हणाला, "किसने दिया, वो भी डाल दीजिए, ऊपर पूछेंगे।" मी ते टाळून सही करत होतो, हे त्याच्या बरोबर लक्षात आलं होतं. मग नाव लिहिलं.

पुढचं लवकर सांगतो, कारण त्यात माझी कर्तबगारी नाही. मी सक्सेना साहेबांपुढे स्लाइड लाल केली. ते म्हणाले, "नारंगी नहीं हो सकता?" नकाशा चार महिने लांबला. अनघाने कॅमेऱ्याच्या दारावर ताटंवाला माणूस बसवला. लांब चित्रांचे छोटे तुकडे केले, म्हणजे दोन तुकड्यांच्या मधून 'थांब' निसटू शकेल. 'थांब'ला थांबायला चौकाचौकात स्वतःची वेगळी जागा दिली. मग वहीची नऊ पानं भरून मर्यादा काढली: दोनच्या आत. कुठलंही चित्र असो, कुठलाही पत्रा असो. त्यात देवाचा एक टक्काही नव्हता. गिऱ्हाइकाने तक्रार केली, की अडकलेल्या पत्र्याचं चित्र आता स्क्रीनवर किंचित उशिरा येतं. मी त्यांना जे उत्तर लिहिलं ते सक्सेना साहेबांनी पाठवू दिलं नाही.

नवा बोर्ड बसवायला मी आणि अनघा गेलो. बाबूलालनेच प्रेस सुरू केला. अनघाने मुद्दाम कॅमेऱ्याला मोठी चित्रं सतत काढायला लावली, रस्ते गच्च भरून ठेवले. मी लॅपटॉप उघडला. बाबूलालने हातमोजा काढला, पुढे आला आणि बाजूला झाला.

"आज पहला हाथ आपका," तो म्हणाला.

फोरमन हसला. मीही हसलो. बाबूलाल हसला नाही.

"मेरा?"

"आँकड़ा आप लोग देते हैं। हाथ हम देते हैं। आज अदला-बदली।"

मी काठी कुठे आहे ते बघितलं. खरंच बघितलं. पुस्तकातला नियम ओठांवर आला होता. पण त्या सोमवारी टाळी वाजवली होती तो हात आता खिशात ठेवणं जमेना. कुठला हात घालावा याचाही मी विचार केला, हे कबूल करतो. जेवायचा कुठला, सहीचा कुठला. दोन्हींचा एकच निघाला, म्हणून डावा पुढे केला. दाब वरून निघाला. मी डोळे मिटले आणि हात पडद्यात घातला.

खट. उघडून पाहिलं तर दाब वर थबकला होता, हातापासून पुष्कळ लांब.

हात तिथेच असताना बाबूलालने विचारलं, "साब, उस हफ्ते गड़बड़ का पता आपको किस दिन चला था?"

पाळीच्या वहीत शुक्रवार लिहिलेला होता, माझ्याच अक्षरात. अनघा लॅपटॉपकडे बघत होती. ती काही बोलली नसती. तिने आजवर कधी काही बोलून दाखवलेलं नाही.

"मंगलवार को," मी म्हणालो.

बाबूलालने अंगठा बोटांवर टेकवत मोजलं. मंगल, बुध, गुरु. शुक्रवारपाशी अंगठा थांबला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. माझ्याकडे मागायला माफी तयार होती.

"हटिए," तो म्हणाला.

मी बाजूला झालो. तो माझ्या जागी येऊन उभा राहिला, बाही वर सरकवली आणि माझ्याकडे न बघता अनघाकडे वळला.

"बिटिया, तुम बोलो। डालूँ?"

ती क्षणभर लॅपटॉपवर वाकली, मग सरळ झाली.

"डालिए, चाचा," ती म्हणाली, आणि त्याने हात घातला.